इंटरव्ह्यू संपल्यावर घरात जो इंटरव्ह्यू सुरू होतो

॥ श्रीगुरुभ्यो नमः ॥



या पंधरवड्याचा अभ्यास-लेख खरं म्हणजे 'धैर्य' या विषयावर लिहायचा ठरला होता. टिपणंही काढून झाली होती. पण मध्येच घरात एक प्रसंग घडला आणि टिपणं बाजूला राहिली. ज्यांच्या घरात नोकरी शोधणारं मूल आहे (आणि आज कोणाच्या घरात नाही?) त्यांनी हा लेख सकाळच्या घाईत वाचू नये, रात्री जेवणं झाल्यावर सावकाश वाचावा.

तर झालं असं. आमची पुतणी इंदूरला एका कंपनीत इंटरव्ह्यूला गेली. सकाळी हातावर दही-साखर, देवाला नमस्कार, सगळं यथासांग. संध्याकाळी ती परत आली तेव्हा आम्ही चौघं दारातच उभे. "कसा झाला?" "काय काय विचारलं?" "अजून किती जण आले होते?" "पगाराचं काही बोलले का?" तिनं चप्पल काढायच्या आत चार प्रश्न. "ठीक झाला" एवढं म्हणून ती आत गेली. जेवताना अर्धी पोळी टाकून उठली. आम्हाला वाटलं, दमली असेल.

रात्री दोनच्या सुमाराला आम्ही पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात अंधारात मोबाइलचा उजेड. ओट्याला टेकून उभी होती. "काकू, मी सगळं घालवून आले," एवढंच म्हणाली आणि रडायला लागली.

मग हळूहळू बाहेर आलं. चाळीस मिनिटांच्या इंटरव्ह्यूत पस्तीस मिनिटं बरी गेली होती. शेवटी एकानं तिचा कागद पाहून विचारलं, "ये बीच के दो साल क्या किया?" आणि ही म्हणाली, "कुछ नहीं सर, घर पर ही थी."

ती दोन वर्षं आम्हा सगळ्यांना माहीत आहेत. आमच्या दिरांना अर्धांगवायूचा झटका आला होता. या मुलीनं त्यांची कूस बदलली, नळीनं पेज भरवली, फिजिओथेरपीवाल्याकडून व्यायाम शिकून घेऊन रोज दोनदा करून घेतले. विम्याचा क्लेम एकदा परत आला तो पुन्हा कागद जोडून मंजूर करून आणला. धाकट्या भावाची फी, भाडेकरूचा हिशोब, बँक, सगळं तिच्याकडे. हे सगळं तिला रात्री दोन वाजता ओट्यापाशी धडाधड आठवत होतं. इंटरव्ह्यूत त्याचं झालं "कुछ नहीं".

आम्ही तिला जवळ घेतलं, दूध गरम करून दिलं, झोपवलं. पण आम्हाला मात्र झोप लागली नाही. कारण ते "कुछ नहीं" ती कुठे शिकली, हे आम्हाला कळलं होतं. त्या दोन वर्षांत घरी कोणी पाहुणा आला आणि "ही काय करते हल्ली?" असं विचारलं की आम्हीच सांगायचो, "सध्या काही नाही, घरीच असते." आम्ही स्वतः एम.ए. झालेले, तीस वर्षं घर चालवलेले. बँकेच्या फॉर्मवर व्यवसायाचा रकाना आला की आमचंही पेन अडखळतं. मूल घरात जे ऐकतं तेच परक्या टेबलासमोर बोलतं.

असो. आता अभ्यासाकडे येऊ.

इंटरव्ह्यूच्या आधी भीती वाटते, ती सगळ्यांच्या ओळखीची. पण इंटरव्ह्यूच्या नंतर जे होतं त्याकडे आपलं लक्ष जात नाही. मन घरी येऊन पुन्हा इंटरव्ह्यू भरवतं. या वेळी प्रश्न विचारणारंही तेच, उत्तर देणारंही तेच आणि मार्क देणारंही तेच. हा इंटरव्ह्यू अंथरुणात होतो, आंघोळीत होतो, आरतीत टाळ्या वाजवतानासुद्धा होतो. आणि दर वेळी चुकलेलं उत्तर थोडं अधिक चुकलेलं दिसतं. समोरच्याच्या चेहऱ्यावर नसलेलं हसू दिसायला लागतं.

मानसशास्त्रात यावर काम झालेलं आहे. क्लार्क आणि वेल्स या दोन इंग्रज मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये लोकांसमोर जायला घाबरणाऱ्या माणसांचा विचार मांडला. त्यात त्यांनी दाखवलं की प्रसंग संपला तरी मनाचं काम संपत नाही; ते प्रसंग पुन्हा पुन्हा उलगडत बसतं. पण उलगडताना ते समोरच्यानं काय पाहिलं ते आठवत नाही, स्वतःला आतून काय वाटलं तेच आठवतं. आतून छाती धडधडत होती, म्हणजे बाहेरूनही आपण थरथरताना दिसलोच असणार, असा हिशोब ते करतं. हा हिशोबच चुकीचा आहे.

किती चुकीचा, हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात गिलोविच नावाच्या प्राध्यापकांनी २००० साली एका गमतीदार प्रयोगातून दाखवलं. एका विद्यार्थ्याला, घालायला लाज वाटेल असा एका गायकाचं चित्र असलेला टी-शर्ट घालून इतर मुलांनी भरलेल्या खोलीत पाठवायचं. बाहेर आल्यावर त्याला विचारायचं, किती जणांच्या लक्षात आलं असेल? मुलं साधारण निम्म्या लोकांचा आकडा सांगायची. प्रत्यक्षात जेमतेम पाव लोकांच्या लक्षात आलेलं असायचं. आपल्याकडे लग्नात साडीला लागलेला हळदीचा डाग दिवसभर पदरानं झाकत फिरणाऱ्या बायकांना हा प्रयोग वेगळा समजावून सांगायला नको.

२०१८ मध्ये बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासली. दोन अनोळखी माणसं एकमेकांशी बोलल्यावर, आपण समोरच्याला किती आवडलो याचा अंदाज माणूस खऱ्यापेक्षा कमीच लावतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे "त्यांना मी आवडले नाही" असं रात्री दोन वाजता वाटलं, तर ते वाटणं पुरावा म्हणून धरू नये.

आमच्या रविवारच्या सत्संगात एक काका येतात, बँकेतून निवृत्त झालेले. कित्येक वर्षं निवड समितीवर बसत. त्यांना आम्ही हा प्रसंग सांगितला तर ते हसले. म्हणाले, "वहिनी, दुपारचं जेवण झालं की सकाळचा तिसरा मुलगा कोणता, हे कागद पाहिल्याशिवाय आम्हाला सांगता यायचं नाही. मुलं म्हणतात, अमुक साहेब शेवटपर्यंत हसले नाहीत. अहो, माझी पाठ दुखायची!" मग गंभीर होऊन एक गोष्ट म्हणाले, ती मुलांना जरूर सांगा. जो उमेदवार कामाचा वाटेना त्याला ते भराभर सोपे प्रश्न विचारून मोकळं करत. ज्याच्यात काही दिसे त्यालाच अडवून धरत. म्हणून अवघड प्रश्न आले याचा अर्थ काही बिनसलं, असं धरून चालायचं कारण नाही.

मार्कांचा हिशोबही एकदा शांतपणे मांडून पाहावा. आपल्या मध्य प्रदेशच्या राज्यसेवेत २०१९ च्या परीक्षेला एकूण १५७५ गुणांपैकी इंटरव्ह्यूचे १७५ होते, म्हणजे नऊ भागांतला एक. दिल्लीच्या यूपीएससीत २०२५ पैकी २७५, आणि त्यात किमान इतके मिळालेच पाहिजेत अशी अट नाही. शेवटच्या दोन-चार मार्कांवर निवड अडते, हे खरंच आहे, ते नाकारून मुलांची समजूत काढायला जाऊ नये. मुलं आपल्यापेक्षा हुशार असतात. पण वर्ष-दोन वर्षांच्या तयारीत अर्ध्या तासातलं एक वाक्य म्हणजे सगळं, हे मन म्हणतं, आयोग म्हणत नाही.

आता एक कबुली. हा विषय आम्हाला इतका का लागला, ते सांगितल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

१९९४ साली आम्ही एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी इंटरव्ह्यू दिला होता. व्याकरणाचा एक अगदी साधा प्रश्न आला आणि तोंडून चुकीचं उत्तर गेलं. खोलीच्या बाहेर पडता पडताच बरोबर उत्तर आठवलं. घरी येईपर्यंत आम्ही आमचा निकाल लावून टाकला होता. आठ-दहा दिवसांनी पोस्टकार्ड आलं, वर्गात एक पाठ घेऊन दाखवायला अमुक तारखेला यावं. आम्हाला वाटलं, हे सगळ्यांनाच पाठवलं असेल. पुन्हा जाऊन पुन्हा हसं कशाला करून घ्या? आम्ही गेलो नाही. घरात कोणी अडवलं नव्हतं, हे मुद्दाम लिहितो. सासूबाई तर "जाऊन तर ये" असंच म्हणत होत्या. पुढे कित्येक वर्षांनी कळलं की पाठासाठी तिघींनाच बोलावलं होतं.

नोकरी मिळालीच असती असं नाही. संसारात काही उणं राहिलं असंही नाही, गुरुकृपेनं सगळं आहे. पण ते पोस्टकार्ड आम्ही गव्हाच्या डब्याखाली घातलेल्या कागदात ठेवलं होतं आणि दर वर्षी गहू भरताना ते हाताला लागायचं. शाळेनं आम्हाला नापास केलं नव्हतं. ते काम आम्हीच आटोपलं होतं.

म्हणून त्या रात्री पुतणीनं "आता मी पुढच्या गुरुवारच्या इंटरव्ह्यूला जाणार नाही, देवासच्या" असं म्हटलं तेव्हा आमच्या पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही काय केलं ते लिहितो. हे सगळ्यांनी असंच करावं असं नाही, पण आमच्याकडे उपयोग झाला.

आधी तिला पोहे खाऊ घातले. उपाशी पोटी कुणाला काही समजावू नये, हे आमचं मत आहे. मग वही दिली आणि सांगितलं, वीस मिनिटं बस आणि काय झालं, काय वाटलं, सगळं लिही. अक्षर वाईट येऊ दे, मराठी-हिंदी मिसळू दे, आम्ही वाचणार नाही. ही युक्ती आमच्या डोक्यातली नव्हे. अमेरिकेत डॅलस इथे एका कॉम्प्युटर कंपनीतून एकदम काढून टाकलेल्या इंजिनिअरांवर पेनेबेकर नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे करून पाहिलं, १९९४ मध्ये निबंध छापून आला. (तेच आमचं पोस्टकार्डाचं साल.) काही जणांनी पाच दिवस रोज वीस मिनिटं मनातलं सगळं लिहिलं, काही जणांनी नुसतं दिवसाचं नियोजन लिहिलं. मनातलं लिहिणाऱ्यांना नोकऱ्या लवकर लागल्या. विशेष म्हणजे त्यांनी जास्त अर्ज केले नव्हते, जास्त फोन केले नव्हते. मग फरक कशानं पडला? आम्हाला वाटतं, पुढच्या इंटरव्ह्यूला ते मागच्याचा राग डोक्यात घेऊन बसले नसतील.

लिहून झाल्यावर तिनं स्वतःच वही पुढे केली. आम्ही फक्त दोन रंगांची पेनं दिली. जे खरोखर घडलं त्याच्याखाली निळी रेघ, जे तिनं मनानं जोडलं त्याच्याखाली लाल. "त्यांनी विचारलं, दोन वर्षं काय केलं" निळी. "मी म्हटलं, कुछ नहीं" निळी. "त्यांनी एकमेकांकडे पाहिलं" यावर ती थांबली. पाहिलं होतं की नाही ते आठवेना. "त्यांना वाटलं, ही आळशी आहे" लाल. "माझ्यात दमच नाही" लाल, लाल, लाल. पानावर निळं फार थोडं होतं.

पण त्या निळ्यात एक खरी चूक होती, आणि ती चूक नव्हतीच असं आम्ही म्हटलं नाही. त्या उत्तराचं काहीतरी करायला हवं होतं. तेव्हा काकांना फोन लावला. पुतणीचा विचार होता की कंपनीला लांब मेल पाठवून दोन वर्षांचा खुलासा करावा. काका म्हणाले, तसं करू नकोस. भेटीबद्दल आभाराच्या दोन ओळी पाठव, आणि त्यात एक वाक्य घाल की त्या दोन वर्षांत वडिलांच्या आजारपणाची आणि घराच्या व्यवहाराची जबाबदारी माझ्याकडे होती. बस. रडगाणं नको, माफीही नको. तिनं तेवढंच पाठवलं.

ते वाक्य लिहायला तिला अर्धा तास लागला. "जबाबदारी" हा शब्द तिच्या हातून उतरेना. "सांभाळलं" लिही म्हटलं तरी खोडायची. आम्ही शेजारी भाजी निवडत बसलो होतो, काही बोललो नाही.

आता साधनेबद्दल. अशा वेळी आपण मुलांना पटकन म्हणतो, "जप कर, सगळं ठीक होईल." जप जरूर करावा, पण रिझल्टसाठी लाच म्हणून करू नये. अकरा माळा केल्या आणि यादीत नाव आलं नाही, तर मूल नोकरीवरचा आणि नामावरचा असा दोन्ही विश्वास एकदम घालवून बसतं. जप कशासाठी? मनानं भरवलेला तो रात्रीचा इंटरव्ह्यू थोडा वेळ तरी उठावा म्हणून. नाम सावकाश घ्यावं, श्वास सोडताना घ्यावं. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात ही शरीराचीच रचना आहे, श्वास सोडायला जास्त वेळ दिला की अंगाची धडधड उतरते. आणि अंग शांत झालं की मनाला थापा मारणं जरा अवघड जातं.

समर्थांचे मनाचे श्लोक आपण मुलांकडून पाठ करून घेतो. २०५ श्लोक आणि बहुतेक मनालाच उद्देशून. पण एका गोष्टीकडे आमचं लक्ष इतकी वर्षं गेलं नव्हतं: समर्थ त्या हट्टी, भरकटणाऱ्या मनाला 'सज्जन' म्हणून हाक मारतात. त्याला शिकवतात, वारंवार बजावतात, पण हाक आदराची. आमची पुतणी त्या रात्री स्वतःला काय काय म्हणत होती ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या मुलीला तिनं तसं कधी म्हटलं असतं का?

अब्दुल कलामांची गोष्ट पुष्कळांना माहीत आहे, तरी एक बाजू सांगतो. १९५८ मध्ये ते वायुसेनेच्या निवडीसाठी डेहराडूनला गेले. २५ जणांत नववे आले, घेतले आठच. वैमानिक व्हायचं त्यांचं स्वप्न तिथे संपलं. खचून ते हृषीकेशला गेले, गंगेत स्नान केलं, स्वामी शिवानंदांना भेटले, हे 'अग्निपंख'मध्ये त्यांनीच सांगितलं आहे. आपल्याकडे गोष्ट इथे थांबते. पण डेहराडूनच्या आधी त्यांनी दिल्लीत संरक्षण खात्याच्या एका विभागात दुसरा इंटरव्ह्यू दिलेला होता. हृषीकेशहून दिल्लीला परतून चौकशी केली तेव्हा हातात नेमणुकीचं पत्रच पडलं, महिना २५० रुपये. नकाराचं ओझं घेऊन ते गंगाकाठी उभे होते, तेव्हा दुसरीकडचा होकार बाकी होता. ते जाऊन विचारलं नसतं तर?

इथे आपल्या गटातल्या त्या आया आठवतात ज्यांची मुलं पीएससी देतात. त्यांची वाट पाहणं वेगळंच आहे. २०१९ च्या राज्यसेवेचा अंतिम निकाल लागला २०२३ च्या डिसेंबरात. त्यातही ओबीसी आरक्षणाचा प्रश्न कोर्टात असल्यामुळे २०२२ पासून निकाल ८७ टक्के आणि १३ टक्के असे दोन भागांत लावायचं ठरलं, आणि तेरा टक्क्यांतली मुलं पेपर देऊन, इंटरव्ह्यू देऊन बसून राहिली. पास नाही, नापासही नाही. २०२४ च्या डिसेंबरात इंदूरला आयोगाच्या कार्यालयाबाहेर मुलं कडाक्याच्या थंडीत रात्रंदिवस धरणं धरून बसली होती, त्यांच्या मागण्यांत हे तेरा टक्क्यांचे निकाल लावण्याची मागणीही होती. अशा मुलाला "तुझा आत्मविश्वास कमी पडला" असं म्हणणं हा अन्याय आहे. तिथे दोष त्याच्या मनाचा नाही. त्याला दुसरा अर्ज भरायला, हाताला काहीतरी काम धरायला मदत करावी; आणि "अजून काही कळलं का?" हा प्रश्न गिळून टाकावा.

प्रश्नांचं निघालंच आहे तर कौटुंबिक ग्रुपबद्दलही लिहितो, कोणी रागावू नये. इंटरव्ह्यूच्या सकाळी तीस जणांचे हात जोडलेले येतात, चांगलंच आहे. पण आठ दिवसांनी तेच तीस जण विचारतात, "रिझल्ट?" मुलाला तीस वेळा "नाही अजून" लिहावं लागतं. आमच्या ग्रुपवर आम्ही ठरवलं आहे, विचारायचं नाही. सांगायचं असेल तेव्हा मूलच सांगेल. पुण्याच्या आत्याबाईंनी तिसऱ्या दिवशी हा नियम मोडला, पण त्यांचं वय पाहता सोडून दिलं.

एक मात्र गांभीर्यानं. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण नाही, मूल खोलीतून बाहेर येत नाही, किंवा "माझं जगणंच फुकट" अशा तऱ्हेचं बोलतं, तर तिथे जप, पोहे आणि वही यांवर थांबू नये. डॉक्टरांकडे न्यावं, त्यात कमीपणा नाही. सरकारची टेली-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून आहे, १४४१६ या नंबरावर, चोवीस तास, पैसे पडत नाहीत. नंबर आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा.

पुतणीच्या त्या कंपनीचं उत्तर हा लेख लिहीपर्यंत आलेलं नाही. देवासच्या इंटरव्ह्यूला मात्र ती परवा गेली. संध्याकाळी आली तेव्हा आम्ही दारात उभे नव्हतो. तसं ठरवूनच स्वयंपाकघरात बसलो होतो आणि आतून कान लावून ऐकत होतो, हेही खरं. तिनं हातपाय धुतले, चहा घेतला, बाबांच्या खोलीत जाऊन त्यांच्या हाताचे व्यायाम घेतले. मग बाहेर येऊन आपणहून म्हणाली, "काकू, दोन वर्षांचं आजही विचारलं."

"मग?"

"सांगितलं. त्यांनी विम्याच्या क्लेमबद्दल अजून दोन प्रश्न विचारले."

एवढंच. पुढचं आम्ही विचारलं नाही.

येत्या रविवारी सत्संगानंतर काका एक तास थांबणार आहेत. ज्या मुलामुलींचे इंटरव्ह्यू जवळ आले आहेत त्यांनी यावं, आणि ज्यांचे होऊन गेले आहेत त्यांनी तर जरूर यावं. वही-पेन आणावं. आई-वडिलांनी तेवढा वेळ बाहेर ओसरीवर बसायचं आहे. चहाची सोय केली आहे.